समुद्र शाळेपासून तीनशे पावलांवर आहे : संस्थेच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य

विषय : किनाऱ्यावरची क्षेत्रभेट बंद करण्याचा निर्णय

स. न. वि. वि.

याच विषयावर मी तुम्हाला जुलैत पत्र पाठवलं होतं. पोचपावती माझ्याकडे आहे, उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. संस्थेचं आणि गावाचं नाव यात घेतलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि रत्नागिरीपासून मालवणपर्यंत बाकीच्यांच्या गावातही अशी एखादी संस्था असेलच.

मी तुमच्याच शाळेत २७ वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन ४ वर्षं झाली. या सगळ्या काळात, मधे एक हिवाळा सोडून, एकूण १९ हिवाळे मी आठवी-नववीची मुलं घेऊन सुकतीच्या, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या, वेळी खडपावर, किनाऱ्यावरच्या खडकाळ भागावर, गेले. निवृत्तीनंतरही जात राहिले, कारण नव्या सरांनी बोलावलं. सर देशावरचे. समुद्राची त्यांना भीती वाटायची आणि ती त्यांनी कधी लपवली नाही, म्हणूनच मला ते या कामाला योग्य वाटले.

जूनमध्ये तुमचं पत्र शाळेत आलं. एका वाक्याचं. यापुढे समुद्रकिनारा, खाडी, नदी अथवा अन्य कोणत्याही जलस्थानाजवळ विद्यार्थ्यांची सहल अथवा क्षेत्रभेट नेण्यात येऊ नये. जलस्थान! आपल्या शाळेच्या मागच्या दारातून समुद्र दिसतो, तीनशे पावलं आहेत, मी मोजलेली. पावसाळ्यात तर शाळेचं मैदानच जलस्थान होतं. नियमाप्रमाणे जुलै-ऑगस्टात प्रार्थनाही बंद ठेवावी लागेल.

थट्टा इथे थांबवते, कारण निर्णयामागे एक खरी घटना आहे आणि ती माझ्याच हातून घडली.

गेल्या डिसेंबरात नववीतल्या एका मुलाचा पाय कालवावर, खडकाला चिकटलेल्या शिंपल्यावर, कापला. कालवाची कड पात्यासारखी असते. खडपावर वाढलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही, पण हा मुलगा वरच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाडीतला, आणि चपला घालून आलेला. बूट नसतील त्याला खडपावर उतरवायचं नाही, हा नियम माझाच. त्या दिवशी ४१ मुलं खाली जाणार आणि हा एकटा काठावर बसून राहणार, हे मला बघवेना. ‘ये, माझ्या मागोमाग चाल,’ म्हटलं. दहा मिनिटांत शेवाळावरून चप्पल सटकली. टाचेला ३ टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, चौथ्या दिवशी पोरगा शाळेत आला. त्याचे वडील मला भेटायला आले, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘बाई, खडपात चपला?’ मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

चूक माझी होती. तसं मी त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांना लेखी दिलं. तुम्ही मात्र कारणे दाखवा नोटीस काढलीत ती सरांना, आणि त्यांच्या सेवापुस्तकात नोंद केलीत. मी निवृत्त, माझं सेवापुस्तक बंद झालेलं. ज्याचं उघडं होतं त्याच्यात लिहिलंत. क्षेत्रभेटीपेक्षाही ही गोष्ट मला जास्त डाचते, म्हणून तक्रारींत ती पहिली.

दुसरी तक्रार अशी, की तुम्ही सहल आणि क्षेत्रभेट यांची गल्लत केलीत. जूनच्या सभेत अध्यक्षांनी मुरूडचं नाव घेतलं. घ्यायलाच हवं. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून मुरूडला सहलीला आलेल्या महाविद्यालयीन मुलांपैकी १४ जण बुडाले. ती बातमी आली तेव्हा मी शिक्षक खोलीत वह्या तपासत होते. पुढचा हिवाळा आम्ही किनाऱ्यावर गेलो नाही. कुणी बंदी घातली नव्हती, माझंच धाडस झालं नाही. त्या वर्षात बसून नियम लिहून काढले आणि मगच पुन्हा सुरू केलं. तेव्हा भीती काय असते ते मला समजावू नका. पण सहलीची मुलं पाण्याकडे जातात, पाण्यासाठीच आलेली असतात. आमची मुलं पाणी निघून गेल्यावर जातात. घोट्याच्या वर पाणी असेल तिथे कुणी पाऊल टाकत नाही, कारण तिथे बघायचं काही दिसतच नाही.

हे कसं जमतं, तेही सांगते, कारण मंडळावरच्या बऱ्याच जणांची घरं आता रत्नागिरीत किंवा मुंबईत आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन : पहाटे सव्वादोनला पूर्ण भरती, मग सहा तासांनी, सकाळी सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण सुकती. पौर्णिमा-अमावस्येला पाणी सर्वांत लांब जातं, पण ते भल्या पहाटे नाही तर दिवेलागणीला. म्हणून शाळेच्या मुलांसाठी द्वितीया-तृतीया बरी : उधाणाचा जोरही असतो आणि उजेडही. हा हिशेब मला बी.एड.ला कुणी शिकवला नाही, पहिल्या वर्षी एका खलाशी पालकाने शिकवला. तो अंदाजापुरता. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहायची, आमच्याकडे ती हिशेबापेक्षा थोडी आधीच येते. सुकतीच्या दीड तास आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की अर्ध्या तासात वर. मागे वळून शेवटचं काही बघायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही परवानगी दिलीत ती ‘शनिवार, सकाळी ११’ अशी. त्या दिवशी पौर्णिमा होती. अकरा वाजता आमच्या खडपावर पुरुषभर पाणी. सर आणि मी मुलांना घेऊन बांधावर बसलो, भरती बघितली, पोहे खाल्ले आणि परत आलो. अहवालात ‘क्षेत्रभेट यशस्वी’ अशी नोंद आहे.

तिसरी तक्रार पैशाची आहे, थोडक्यात सांगते. किनारा धोक्याचा म्हणून बंद झाला, पण त्याच पत्रासोबत आलेल्या वार्षिक नियोजनात वॉटरपार्कची सहल आहे. रात्रीचा बसप्रवास, माणशी १,८०० रुपये. तिथे कमरेएवढं पाणी आहे ते कोणत्या व्याख्येने जलस्थान नाही, हे सचिवांनी कधीतरी सांगावं. आमच्या क्षेत्रभेटीला गेल्या वर्षी माणशी ३५ रुपये आले, त्यातले वीस पोह्यांचे.

चौथी जरा लांबणार आहे.

तुम्ही म्हणालात, समुद्र आता पडद्यावर दाखवता येतो. शाळेला प्रोजेक्टर दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. त्यावर मुलांनी ऑस्ट्रेलियातली प्रवाळ बेटं बघितली. फार सुंदर होती. नंतर एकीने विचारलं, ‘बाई, हे आपल्याकडे का नाही?’ आता हिला काय सांगू? आपल्या खडपावरच्या डबक्यांत समुद्रफुलं नावाचे प्राणी आहेत, बोट जवळ नेलं तर स्पर्शकं आखडून मुठीएवढा गोळा होतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तिथे प्रवाळ आहेत. तीनशे पावलांवरचं दाखवायचं नाही आणि सात समुद्रापलीकडचं दाखवायचं, ही कुठली बचत?

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्राण्यांचं वर्गीकरण आहे. त्यातला कंटकचर्मी संघ घ्या. या संघातला एकही प्राणी विहिरीत, नदीत किंवा जमिनीवर सापडत नाही, सगळे समुद्रातले. विदर्भातल्या शिक्षकाला तारामासा फळ्यावर काढण्यावाचून गत्यंतर नाही. आपण समुद्राकडे पाठ करून तोच तारामासा फळ्यावर काढतो.

किंवा बार्नेकल घ्या. खडकाला चिकटलेला पांढरट, टोकदार, ज्वालामुखीच्या चित्रासारखा दिसणारा ठिपका. कुठल्या संघातला, विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘मृदुकाय!’ म्हणतो. कवच आहे, चिकटलेलं आहे, म्हणजे शिंपल्याचाच भाऊ. मी चूक म्हणत नाही. बार्नेकल बसलेला एक सुटा दगड समुद्राच्या पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवते आणि सगळ्यांना उकिडवं बसवते. सावली पाडायची नाही, टबाला धक्का नाही, बोलायचं नाही. एक मिनिट काही होत नाही. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी कुणालातरी चिमटा काढतं. मग टोकावरची चिमुकली दारं फटकन उघडतात आणि आतून पिसासारखा पंजा बाहेर येतो, पाणी ओढतो, आत जातो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तो पंजा म्हणजे त्याचे पाय. आयुष्यभर डोकं खडकाला चिकटवून हा प्राणी पायांनी अन्न तोंडात लोटत असतो. पायांना सांधे आहेत. म्हणजे संधिपाद. म्हणजे शिंपल्याचा नव्हे, कुर्लीचा भाऊ. हे मला बोलावं लागत नाही, मुलांतलंच कुणीतरी बोलतं. त्यातला एक दर वर्षी म्हणतो, ‘बाबा होडीच्या तळाचं खरवडतात, तेच ना हे?’ तेच.

दगड मग होता तिथे, होता तसाच ठेवायचा. उलटा केलेला प्रत्येक दगड पुन्हा पालथा घालायचा, कारण त्याच्या पोटाखाली जे राहतं ते उन्हात तासाभरात मरतं. जिवंत काही घरी न्यायचं नाही. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडा यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचं, १९७२ च्या कायद्याचं, संरक्षण आहे, हे मुलांना खाली उतरण्याआधीच सांगितलेलं असतं. शंकूच्या आकाराचा शंख कितीही देखणा असला तरी उचलायचा नाही, त्यातली गोगलगाय विषारी डंख मारते. परतताना खाडीच्या तोंडाशी तिवराचं पान जिभेला लावून बघायचं. खारट लागतं, झाड नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. पांढरी चिप्पी हे असंच खाऱ्या पाण्यातलं झाड, २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. हा प्रश्न स्पर्धा परीक्षेत येतो आणि आपली मुलं तो पाठ करतात. झाड शाळेच्या वाटेवर आहे.

पाचवी तक्रार माझ्या लेखी सगळ्यांत मोठी. ती त्या मुलांची, ज्यांच्या वतीने कार्यकारी मंडळात कुणी बसलेलं नाही.

शाळेत तीन प्रकारची मुलं येतात : बाजारपेठेतली, सड्यावरची आणि बंदरवाडीतली. बंदरवाडीतली शेवटच्या बाकावर बसतात. कुणी बसवत नाही, ती बसतात. पहाटे जाळी सोडवायला हात लावून आलेली असतात, पहिल्या तासाला पेंगतात, आणि डब्याच्या वासावरून त्यांना कोण काय बोलतं ते मी वर्षानुवर्षं ऐकलं आहे. त्यांतली एक मुलगी. वर्षभरात तिच्या तोंडून ‘हजर’ एवढाच शब्द मी ऐकलेला. आई कालवं आणि शिनाणे (हेही शिंपलेच) काढून विकते. खडपावर आम्ही सगळे एका डबक्याभोवती गोळा झालो होतो. ही दहा हातांवर एकटी उभी. मग हळूच म्हणाली, ‘बाई, हितं कोणतरी जेवलंय.’

बघितलं, तर एका कपारीच्या तोंडाशी कुर्लीची रिकामी कवचं आणि फोडलेल्या शिंपल्या, ताटाबाहेर टाकल्यासारख्या. धुऊन गेलेल्या नव्हत्या, ताज्या होत्या. मी वाकून पाहिलं, मला काही दिसेना. ती म्हणाली, ‘डोळा बघा.’ खडकाच्याच रंगाचा, खडकासारखाच खरबरीत, आणि त्यात एक आडवी बाहुली. ऑक्टोपस. सगळ्यांना तीन पावलं मागे उभं केलं. कुणी काठी घातली नाही. त्यानेही आम्हाला बराच वेळ पाहिलं असावं, कारण पाच-सात मिनिटांनी तो तिथेच तांबूस झाला आणि पुन्हा करडा. ४० मुलं गप्प. मग सगळे तिला विचारायला लागले : तुला कसं कळलं, रोज असतो का, चावतो का. ती सांगत होती. मी फळा धरून उभी राहावं तशी बाजूला उभी होते. १९ वर्षांत इतका चांगला तास मी घेतला नाही, आणि तोही मी घेतलेला नव्हता.

त्यानंतर ती मागून तिसऱ्या बाकावर बसायला लागली. एवढाच फरक पडला, वाढवून सांगत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना स्थानिक कसबी माणसांकडे शिकायला पाठवा, असं म्हटलं आहे. उदाहरणं दिली आहेत सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांची. धोरण दिल्लीत लिहिलं गेलं, म्हणून त्यात कालवं काढणारी बाई नाही. आपण तरी ती घालू शकतो. त्या मुलीच्या आईला आम्ही पुढच्या वर्षी बोलावलं होतं. मानधन ३०० रुपये. सही करताना ती दोनदा म्हणाली, ‘शाळेनं दिले?’

मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून हाजी अली, कार्टर रोड अशा ठिकाणी लोकांना सुकतीच्या वेळी किनारा दाखवतात. ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. डांबर आणि कचरा ओलांडून मुंबईची मुलं जे बघायला जातात, ते आपल्या मुलांना चपलेखाली मिळतं आणि आपण त्यावर ‘प्रवेश निषिद्ध’ लिहितो. रत्नागिरीत तर १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. रत्नागिरीजवळच्या शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. मदत मागायची तर लांब जावं लागत नाही.

सहावी आणि शेवटची. तुमच्या पत्राने समुद्र बंद झाला तो फक्त गणवेशातल्या मुलांसाठी. गेल्या रविवारी संध्याकाळी मी किनाऱ्यावर होते. आठवीतली नऊ पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू पाण्यात गेला की एक जण आत पळत होता, भरती लागलेली असताना. मी ओरडले तेव्हा बाहेर आला. तिथे ना सर होते, ना दोर, ना शिट्टी, ना तक्ता. त्यांच्यातल्या एकालाही पाणी कधी फिरतं ते सांगता आलं नाही. गेल्या वर्षीच्या तुकडीला सांगता येत होतं. ‘उद्या काही झालं तर जबाबदार कोण,’ असं सभेत विचारलं गेलं. क्षेत्रभेटीत काही झालं तर मी, लेखी देते. त्या रविवारी काही झालं असतं तर कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझ्या मागण्या अशा :

१. सरांच्या सेवापुस्तकातली नोंद काढून टाकावी. ती कुणाच्या तरी नावावर हवीच असेल, तर माझं संमतिपत्र सोबत जोडलं आहे.

२. जूनचं पत्र मागे घ्यावं. सहल आणि क्षेत्रभेट यांचे नियम वेगळे करावेत. पोहण्याची, पाण्यात खेळण्याची परवानगी मी मागत नाही, कधीच मागितली नव्हती.

३. क्षेत्रभेटीचा दिवस आणि वेळ तक्ता पाहून शाळेने ठरवावी, कार्यालयाने नव्हे. वर्षाच्या सुरुवातीलाच दोन तारखा राखून ठेवाव्यात. वारा असेल तर पहिली सोडून द्यायची.

४. दर १० मुलांमागे एक मोठं माणूस. सोबत बंदरवाडीतला पोहता येणारा एक खलाशी आणि खडप जाणणारी एक बाई, दोघांना मानधन देऊन. दोर, शिट्टी, प्रथमोपचार पेटी, पालकांची लेखी संमती. बूट नसेल तो खाली उतरणार नाही, आणि हा नियम मोडण्याचा अधिकार कुणालाही नसेल, मलाही.

५. शाळेने कॅनव्हासच्या बुटांचे १५ जोड घेऊन ठेवावेत, वेगवेगळ्या मापांचे. वॉटरपार्कच्या १० मुलांच्या पैशांत येतील.

६. हा विषय पुढच्या सभेत घ्यावा आणि त्या सभेला दोन पालक बंदरवाडीतले बोलवावेत. सभा संध्याकाळी ठेवू नका, तेव्हा बंदरवाडीतल्या बायका बाजारात असतात.

त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या वद्य तृतीयेला सकाळी चांगली सुकती आहे. परवानगी त्याच्या निदान पंधरा दिवस आधी मिळावी. बूट मागवायला लागतात, आणि सड्यावरच्या मुलांची मापं अजून घेतलेली नाहीत.

कळावे,
आपली
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका